खिसे झाडायचे नाहीत

आमच्या मोहल्ल्यातून कोणी थंड हवेच्या गावाला निघालं, की दशरथ काकाजी त्याच्या बांधून तयार झालेल्या होल्डॉलवर बादलीभर पाणी ओतायचे.

त्यात राग नसायचा, थट्टाही नसायची. ती परीक्षा होती. होल्डॉल अंगणातल्या खाटेवर ठेवायचा, खाटेखाली घमेलं सरकवायचं, आणि बादली दोन्ही हातांनी उंच धरून सावकाश पाणी सोडायचं, पहाडातल्या पावसासारखं. म्हणजे काकाजींच्या मनातल्या पहाडातल्या पावसासारखं, कारण काकाजी स्वतः इटारसीच्या पलीकडं कधी गेलेले नव्हते. मग पट्टे सोडायचे आणि आतल्या एकेका कपड्यावरून हाताची पालथी बाजू फिरवायची. सगळं कोरडं निघालं तर ते नुसतं "हं" म्हणत. ओलं निघालं तर मात्र त्यांचा चेहरा खुलायचा.

"पाहा! पाहा गा! हे गाडीच्या टपावर झालं असतं तं? तेथी कोण होतं तुले पुसाले? पहाडाची हवा बेइमान राहते. येथी भिजलं तं घरी भिजलं."

मागच्या गल्लीतला मनोहर लग्नानंतर बायकोला घेऊन काश्मीरला निघाला, तेव्हा तिचा नवा मरून शालू त्याच्या पांढऱ्या शर्टांना लागून बांधला होता. काकाजींनी बादली ओतली. पट्टे सुटले तेव्हा मनोहरचे सगळे शर्ट गुलाबी झाले होते. नवरी रडायला लागली. मनोहरची आई हातातला झाडू तसाच घेऊन काकाजींच्या अंगावर धावून गेली. काकाजी शांतपणे एक शर्ट उन्हात धरून म्हणाले, "गुलाबी झाले, पण नागपुरात झाले." मनोहर ते शर्ट घालून काश्मीरला गेला, तिथून परत आला, आणि पुढं कितीतरी दिवस तेच घालून कचेरीत जात राहिला. रंग काही गेला नाही.

एवढं होऊनही प्रवासाला निघालेला माणूस काकाजींना टाळू शकत नव्हता. कारण कोट त्यांच्याकडं होता.

नागपूरच्या माणसाकडं ओव्हरकोट कुठून असणार? आमच्याकडं थंडी पाहुणी म्हणून येते, चार दिवस मफलर मागते आणि निघून जाते. बाकीचं वर्ष आपण आणि ऊन. आमच्या सबंध मोहल्ल्यात मिळून एकच ओव्हरकोट होता, आणि तो दशरथ काकाजींचा. कामठीच्या बाजारात मिलिटरीचा जुना माल निघायचा, तिथून त्यांनी तो घेतलेला. रंग शेवाळलेल्या भिंतीसारखा. वजन असं, की खांद्यावर टाकला तर माणूस गुडघ्यात किंचित वाकायचा. जरीपटका वस्तीतल्या एका शिंप्याकडून काकाजींनी त्याच्या खांद्यांना आतून छत्रीचं कापड लावून घेतलं होतं. या कोटानं बद्रीनाथ पाहिलं होतं, काश्मीर पाहिलं होतं, दिल्लीतले दोन मोर्चे आणि डेहराडूनची एक नोकरीची मुलाखत पाहिली होती. आमच्यातला सर्वांत जास्त फिरलेला रहिवासी कोण, तर तो कोट.

तो कोणालाही मिळायचा. भाडं नाही, जामीन नाही, जातपात नाही. अट एकच.

"धुवायचा नाही, अन् खिसे झाडायचे नाहीत. जसा असंन तसा आणून देजा."

माणूस परतला की त्यानं आधी काकाजींकडं जायचं, मग घरी. काकाजी पितळी ताट पुढं ओढत आणि खिशांत हात घालून एकेक वस्तू त्यात काढून ठेवत. बसचं तिकीट. विझलेली विडी. बद्रीनाथचा अंगारा. एकदा मनोहरच्या बायकोची केसातली पिन निघाली, तेव्हा मनोहर कानापर्यंत लाल झाला आणि काकाजींनी ती गुपचूप बाजूला सरकवली. शेंगांची टरफलं निघाली तर ती तेवढी तोंड वाकडं करून नालीत फेकायचे. बाकीचं ताटात मांडून, चहाचा कप समोर ठेवून म्हणायचे, "हं. बोल आता."

आणि माणसाला बोलावं लागे. हे तिकीट कुठलं, तेव्हा पाऊस होता का, कोटाची कॉलर वर केली होती का, शेजारी कोण बसलं होतं. सगळं सांगून झालं की वस्तू ज्याच्या त्याला परत. स्वतःकडं ते काही ठेवत नसत. त्यांना फक्त ऐकायचं असे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. गिरणीतल्या टाइमकीपरच्या नोकरीतून ते निवृत्त झाले होते. घरात दोन खोल्या, एक खाट, एक रेडिओ.

तो रेडिओ हीही एक गंमत होती. काकाजी बातम्या ऐकत नसत. देशात सरकार पडलं तरी त्यांना दुसऱ्या दिवशी आमच्याकडून कळायचं. बातम्या संपून हवामान सुरू झालं, की मात्र ते कान रेडिओला लावत आणि मग अंगणात येऊन जाहीर करत, "हिमालयाच्या पायथ्याकडं गारा पडून राहिल्या. सिक्कीमकडं धुकं आहे." समोरच्या घरातल्या सगुणाबाई उन्हानं भाजलेल्या अंगणात कुरड्या वाळत घालत असायच्या. त्या म्हणायच्या, "पडू द्या ना काकाजी. आमच्या कुरड्यांवर तं नाही पडत?"

आता माझ्याविषयी दोन शब्द, कारण पुढच्या गोष्टीत मी आहे. माझे बाबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. सभा कोणाचीही असो, तिचं पत्रक आमच्या घरात यायचं. मुळाक्षरं मी पत्रकांवरच गिरवली. जगातल्या प्रत्येक दुःखामागं कोणीतरी जबाबदार असतो, त्याला शोधायचं, त्याचं नाव ठळक टाइपात छापायचं आणि चौकात वाटायचं, हे मला लहानपणीच कळलं होतं. ते आजही मला खोटं वाटत नाही. काकाजींचा कोट हा माझ्या लेखी मोठा सिद्धान्त होता. सामायिक मालकीचं याहून चांगलं उदाहरण कुठं मिळणार? मी एकदा त्यांना तसं सांगितलं. म्हटलं, "काकाजी, मोहल्ल्यातले एकमेव खरे समाजवादी तुम्ही आहात. मी तुमच्यावर लिहिणार आहे."

काकाजींनी माझ्या हातातलं पत्रक घेतलं, बोटांत चोळून पाहिलं, नाकाशी नेलं आणि म्हणाले, "कागद चांगला आहे वं सुमन. खरबरीत. पाणी मस्त ओढते. बुटात कोंबाले आण बरं दहा-वीस."

काकाजींची शास्त्रं नेहमी बरोबर असत असंही नाही. भास्कर नावाचा आमच्यातला एक मुलगा मार्चअखेर दिल्लीला निघाला, तर त्यांनी त्याला दोन स्वेटर आणि वर कोट चढवून गाडीत बसवलं. भोपाळ येईपर्यंत त्याला घेरी आली. पण भास्करवर काकाजी रागावले ते वेगळ्याच कारणानं. दिल्लीत त्यानं भल्या मनानं कोट लाँड्रीत टाकला, इस्त्री करून घेतला आणि आणून काकाजींच्या हातात ठेवला. काकाजींनी खिशात हात घातला. एकात, मग दुसऱ्यात, मग आतल्या छोट्या खिशात. हात रिकामा बाहेर आला. ताट समोर तसंच राहिलं.

"आंघोळ घालून आणलं कोटाले," एवढंच ते म्हणाले, आणि पावसाळा संपेपर्यंत भास्करशी बोलले नाहीत. भास्कर बिचारा सगळ्यांना विचारत फिरला, "काहून गा? मी काय वाईट केलं? साफ करूनच तं आणला ना?" म्हातारा चक्रम आहे, असं ठरवून आम्ही तो विषय मिटवला.

मग एका मे महिन्यात मला दार्जिलिंगकडं जायचं ठरलं. तिकडं चहामळ्यांत काम करणाऱ्या बायकांचा मेळावा होता आणि आमच्या संघटनेकडून मी जाणार होते. ही बातमी मी काकाजींना सांगितली तेव्हा ते दाराला लावलेल्या वाळ्याच्या ताटीवर पाणी मारत होते. हातातला लोटा तसाच राहिला. पाणी ताटीवर पडायचं ते त्यांच्या पायावर पडत होतं.

"दार्जिलिंगले?" त्यांनी विचारलं. "तू जाऊन राहिली?"

"हो. परवाच्या हावडा मेलनं."

"परवा!" ते एकदम आत गेले आणि पेटी ओढल्याचा आवाज आला. "मंग आज बांधाले पायजे. उभी काहून राहिली? कपडे आण!"

त्या दुपारी नागपुरात काय तापमान होतं ते मला ठाऊक नाही. पण कावळे चोच उघडी टाकून नळाखाली बसले होते. अशा उन्हात काकाजींनी मला अंगणात उभं करून तो कोट घातला, वरपर्यंत बटणं लावली आणि माझ्याभोवती फिरून पाहिलं. घाम डोळ्यांत उतरत होता. सगुणाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"काकाजी, पोरीले मारता का?"

"तू चूप राह्य वं. मान फिरव, सुमन. हवा शिरते का मानेतून?"

"काकाजी, हवाच नाहीये!"

"तेथी राहीन."

मग बांधणं सुरू झालं. काकाजींची पद्धत उलटी होती. आपण लागणारे कपडे वर ठेवतो. ते म्हणत, एक सबंध जोड, सगळ्यात आधी, युरियाच्या पोत्यातल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून मधोमध. माणूस चिंब होऊन पोचतो तेव्हा त्याला एकच जोड पाहिजे असतो, पण तो पक्का कोरडा पाहिजे असतो. त्याच्याभोवती बाकीचं. सुती कमी, कारण सुती तिकडं वाळत नाही. पायमोजे भरपूर, उरले तर हातात घालायचे. माझ्या आतल्या कपड्यांची वेळ आली तेव्हा त्यांनी एक कापडी थैली माझ्यापुढं टाकली आणि भिंतीकडं तोंड करून बसले.

"ते तुझं तू भर. मी पाहून नाही राहिलो. पण दोन जोड जास्तीचे घेजो. पहाडात काहीच वाळत नाही. आठ-आठ दिवस वाळत नाही."

"तुम्हाला कसं ठाऊक, काकाजी?"

ते भिंतीलाच म्हणाले, "आहे ठाऊक."

बुटांसाठी त्यांना पत्रकं हवी होती. जुनी उरली नव्हती. मेळाव्यासाठी खास हिंदीत छापून घेतलेला नवा कोरा गठ्ठा होता, त्यातलीच मूठभर त्यांनी माझ्या विरोधाला न जुमानता बुटांत कोंबली. बाकीचा गठ्ठाही प्लास्टिकमध्ये बांधू म्हणाले. मी म्हटलं, तो माझ्या खांद्याच्या झोळीतच राहील, तो कपडा नाही. मग बादली आली. सगुणाबाई धावल्या. "काकाजी, नळाले पाणी नाही, अन् तुम्ही होल्डॉलले पाजून राहिले!" काकाजींनी घमेल्याकडं बोट दाखवलं. "सगळं ह्याच्यात जमा होते. ताटीवर मारतो." पाणी ओतलं. पट्टे सोडले. हात फिरवला.

"हं," ते म्हणाले.

परतताना सगुणाबाईंनी मला दारात थांबवलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुले मालूम आहे ना? त्यायची विमल तिकडंच राहते. चहाच्या मळ्यातल्या दवाखान्यात नर्स आहे. तू लहान होती तेव्हा गेली. तिकडच्याच एका नेपाळी मास्तराशी लग्न केलं. मंग एकदा येऊन गेली, एक लेकरू कडेवर होतं. त्यानंतर नाही."

मला सगळं एका क्षणात कळलं. म्हणजे मला तसं वाटलं. जात आडवी आली असणार. बापानं तोंड फिरवलं असणार. या विषयावर माझ्याकडं एक सबंध पत्रक तयार होतं. मी तशीच मागं फिरले.

"काकाजी, विमलताईनं जातीबाहेर लग्न केलं म्हणून तुम्ही बोलणं टाकलं?"

काकाजी घमेल्यातलं पाणी लोट्यानं ताटीवर मारत होते. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी मार्चमध्ये दोन स्वेटर घालून आले आहे.

"कोण म्हणते? मी पेढे वाटले होते. तुह्या बापानंही खाल्ले. पूस त्याले."

"मग भांडण कशाचं?"

"भांडण कुठी आहे?" लोटा घमेल्यात बुडवून ते म्हणाले, "भांडण असतं तं बरं होतं वं. मिटवता आलं असतं."

"मग तुम्ही जात का नाही तिच्याकडं?"

"ती लिहिते ना. 'या कधीतरी' म्हणून लिहिते." पुन्हा एक लोटा ताटीवर. "कधीतरीची गाडी किती वाजता सुटते?"

यावर माझ्याकडं पत्रक नव्हतं. मी विमलताईचा पत्ता मागितला. त्यांनी आधी नको म्हटलं. तुले काम राहीन, मेळावा राहीन, तिले ड्यूटी राहीन. मग मळ्याचं नाव सांगितलं, दवाखान्याकडं उतरणारा रस्ता सांगितला, दवाखान्याच्या छपराचा रंग सांगितला. इटारसीच्या पलीकडं न गेलेल्या माणसानं. निरोप मात्र काहीच दिला नाही. मी निघाले तेव्हा पाठीमागून नुसतं ओरडले, "खिसे झाडू नको!"

पहाडाची हवा खरोखरच बेइमान निघाली. पायथ्याशी ऊन होतं. जीप वळणं चढायला लागली तसं धुकं आलं, मग पाऊस, मग गारा, मग पुन्हा लख्ख ऊन आणि लगेच पाऊस. होल्डॉल टपावर होता. उतरवला तेव्हा त्यातून पन्हळीसारखं पाणी गळत होतं. मी दातांवर दात आपटत पट्टे सोडले. मधोमध, युरियाच्या प्लास्टिकमध्ये, तो एक जोड चुलीवरून उतरवलेल्या भाकरीइतका कोरडा होता. भिजलं होतं ते फक्त माझ्या झोळीतलं. पत्रकांच्या गठ्ठ्याचा लगदा झाला होता. वाचली ती बुटातली. दुसऱ्या दिवशी मेळाव्यात मी बुटांतून काढून, तळहातावर सरळ करून पत्रकं वाटली. बायकांनी ती आदरानं घेतली आणि मग जरा लांब धरून वाचली.

मेळाव्याच्या जागेपासून विमलताईचा दवाखाना फार दूर नव्हता. हिरवं छप्पर, जसं सांगितलं तसं. कोट घालून मी दारात उभी राहिले. एक ठेंगणी, सावळी, चष्मा लावलेली बाई रजिस्टरवरून मान वर करून बघू लागली. तिनं आधी कोट पाहिला. मग मला पाहिलं.

"नागपूर?" तिनं विचारलं.

ती फार प्रेमानं वागली, हे मला सांगितलंच पाहिजे. चहा दिला, शेगडीजवळ बसवलं, माझे पाय कोरडे आहेत का ते वाकून पाहिलं. ते तपासणं मला ओळखीचं वाटलं. तिची दोन मुलं शाळेतून येऊन गेली. ती त्यांच्याशी नेपाळीत बोलली, कंपाउंडरशी हिंदीत, आणि माझ्याशी एका मराठीत, जिच्यात प्रत्येक वाक्याला एखादा शब्द शोधावा लागत होता. बाबा कसे आहेत? रेडिओ चालतो का? सगुणाबाई आहेत का? मी दोषी शोधत तिच्या चेहऱ्याकडं बघत होते. तिथं कोणी नव्हतं. एक थकलेली नर्स होती, तिच्या वॉर्डात तापाची माणसं होती आणि खिडकीबाहेर पाऊस होता.

"हा कोट बाबांनी मला दिलेला," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी. अजून आहे! किती जपला. इथं दवाखान्यानं मला गरम कोट दिला, तर मी म्हटलं, हा बाबांना परत पाठवावा. त्यांना हिवाळ्यात होईल. चांगला धुतला, बरं का. ऊन नव्हतं, तर या शेगडीवर किती रात्री वाळवला. ब्रश मारला. खिसे उलटे करून झाडले. एक कण ठेवला नाही. बाबांना सगळं स्वच्छ लागतं ना." तिचा चेहरा खुलला होता. "काही बोलले का बाबा? आवडलं असेल त्यांना."

माझ्या डोळ्यांपुढं भास्कर आला. हातात इस्त्री केलेला कोट. काकाजींचा हात एका खिशात, मग दुसऱ्यात, मग आतल्या छोट्या खिशात.

मी तिला सगळं सांगितलं. ताट, तिकिटं, अंगारा, केसातली पिन, "हं, बोल आता". विमलताई आधी खूप हसली. मग हसायची थांबली. तिनं हात पुढं करून, मी घातलेल्याच कोटाच्या खिशात घातला आणि बराच वेळ तो तिथंच ठेवला.

"मी काय ठेवू त्यात?" तिनं विचारलं. टेबलावर बँडेज होतं, औषधाच्या बाटल्या होत्या. "चहा पाठवू? मुलांचा फोटो पाठवू? त्यांना काय आवडतं आता? मला..." तिला शब्द सापडला नाही. या वेळी अडचण मराठीची नव्हती.

तेवढ्यात खालच्या वस्तीतून कोणीतरी बोलवायला आलं. एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या. विमलताई उठली, खुंटीवरचा रेनकोट तिनं काढला, आणि तो स्वतः घालायच्या ऐवजी माझ्याकडं टाकला.

"कोट काढ तुझा. तू आहेस तोवर मी वापरते."

मेळावा संपेपर्यंत मी तिचा निळा रेनकोट घालून हिंडले. ती मला दोनदा लांबून दिसली. पावसात, चहाच्या झुडपांतून उतरताना, तो शेवाळी कोट वरपर्यंत बटणं लावलेला. निघायच्या दिवशी ती जीपपाशी धावत आली. कोट चिंब होता, खालची कड चिखलानं भरली होती.

"वाळवायले वेळच नाही भेटला वं," ती म्हणाली. तिच्या तोंडून हे असं मी पहिल्यांदाच ऐकलं. कोट माझ्या हातात देताना सवयीनं तिचा हात खिशाकडं गेला, आत जे होतं ते काढून टाकायला. मग तिनं हात मागं घेतला.

"दिवाळीत जमलं तर बघते, सांग बाबांना," ती म्हणाली. जीप सुटली.

कोट मी युरियाच्या प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळला. काकाजींचं प्लास्टिक बाहेरचं पाणी आत येऊ देत नसे, तसंच आतलं बाहेर जाऊ देत नसे. नागपूरला उतरले तेव्हा स्टेशनवर पाय ठेवताच तोंडावर भट्टीची हवा आली, आणि कोट मात्र आत ओलाच होता.

आधी काकाजींकडं गेले. ताट पुढं ओढून ते बसलेच होते. प्लास्टिक उघडलं तसा खोलीत ओल्या लोकरीचा, धुराचा आणि दवाखान्याचा वास पसरला. काकाजींनी खिशात हात घातला. कापसाचा एक बोळा. औषधाच्या बाटलीचं बूच. दातांनी चावलेला पेन्सिलीचा तुकडा, लहान मुलाच्या हातातला. शेंगांची टरफलं, मूठभर. ते सगळं त्यांनी ताटात मांडलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"हं. बोल आता."

"काकाजी, हे माझं नाही. मेळावाभर कोट विमलताईनं घातला होता."

त्यांनी पेन्सिलीचा तुकडा उचलून दातांच्या खुणांवरून बोट फिरवलं. मी सांगायला लागले, मुलं, मास्तर, हिरवं छप्पर. ते ऐकत होते की नाही कळेना. मध्येच म्हणाले, "पाऊस होता?"

"रोज."

"अन् बटनं लावत होती, का उघडाच?"

"लावून. वरपर्यंत."

"हं," काकाजी म्हणाले. होल्डॉल कोरडा निघाल्यावर म्हणत, तसं.

दिवाळीचं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांना ते वाक्य पत्रातून पाठ असावं. मग त्यांनी नेहमीप्रमाणं टरफलं मुठीत घेतली आणि नालीकडं फेकायला हात मागं नेला. हात तिथंच थांबला.

"लहानपणी अंगणात टाकायची. मी ओरडलो होतो एकदा," ते म्हणाले. "तेव्हापासून खिशात टाकते. अजून खिशातच टाकते."

त्यांनी टरफलं होती त्याच खिशात परत ठेवली. मग बूच, पेन्सिल, कापूस. कोट उचलून आतल्या खोलीत नेला. अंगणात एवढं ऊन होतं, दोरी मोकळी होती. पण त्यांनी तो अंधारात खुंटीला टांगला.

काही दिवसांनी मी त्यांच्याकडं बसले असताना भास्कर आला. दारातूनच, जरा बिचकत. त्याला ऑफिसच्या कामासाठी नैनितालला जायचं होतं.

"काकाजी, कोट भेटंन का? या वेळेस धुणार नाही, शप्पथ."

काकाजी रेडिओचं बटण फिरवत होते. मान वर न करता म्हणाले, "नाही गा. ओला आहे अजून."

बाहेर भाजून काढणारी लू सुटली होती. समोर सगुणाबाईंनी नुकतंच दोरीवर टाकलेलं लुगडं एव्हाना पापडासारखं कडक झालं होतं आणि वाऱ्यावर खडखड वाजत होतं. भास्करनं त्या लुगड्याकडं पाहिलं. मग काकाजींकडं पाहिलं, त्यांच्या मागच्या अंधाऱ्या खोलीकडं पाहिलं. मला वाटलं, आता हा हसणार.

"बरं," भास्कर म्हणाला. "वाळला की सांगजा, काकाजी."